कितवा नंबर आला?

सकाळचे सव्वासहा. कंपनीची बस नाक्यावरून हललीय आणि पाठीवर सॅक, हातात डबा अशा अवस्थेत तुम्ही तिच्यामागे धावताय. अंतर जेमतेम दीडशे मीटर. बस मिळते, पण पुढची दहा मिनिटं धाप काही खाली बसत नाही. शेजारचा हसून म्हणतो, ‘काय राव, एवढ्यात दम?’ तुमचं वय तेवीस.

खरं तर पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात पळणं कुणाला नवं नाही. कॉट बेसिसच्या खोलीत एखादा तरी असा असतोच, ज्यानं गावाकडे पहाटे उठून पोलीस भरतीची तयारी केलेली असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, आणि सेकंदा-सेकंदावर मार्क. यादीत नाव आलं नाही, इकडे नोकरी लागली आणि बूट कॉटखाली गेले. पळायचं ते काहीतरी मिळवायला, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की ते मिळालं नाही की पळणंही सुटतं.

म्हणून यंदा एक करून बघा. पाच किलोमीटरची एखादी शर्यत निवडा आणि नाव नोंदवा. इथे मार्क नाहीत, कट-ऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. लाइनवरचं टार्गेट सुपरवायझर ठरवतो. हे एक टार्गेट तुमचं तुम्ही ठरवायचं.

‘पाच किलोमीटर? मला नाही झेपणार,’ असं वाटतंय? पहिली चूक इथेच होते, कारण पळणं म्हटलं की डोळ्यांपुढे अविनाश साबळे येतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या या फौजी गड्यानं २०२२ मध्ये ५००० मीटर १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत पळून बहादूर प्रसाद यांचा तीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. म्हणजे किलोमीटरला दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद! तुम्हाला आठ मिनिटं लागली तरी चाळीस मिनिटांत शर्यत पूर्ण होते. पहिल्या वेळी तेवढं भरपूर झालं.

तयारीला नऊ आठवडे धरा. जगभर नवशिके वापरतात तो ‘काउच टू फाइव्ह के’ कार्यक्रमही तेवढाच आहे. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी तरुणानं तो १९९६ मध्ये तयार केला. आठवड्यातून फक्त तीन दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. पुढे पळण्याची मिनिटं वाढत जातात, चालण्याची कमी होत जातात. वेग किती? शेजारी पळणाऱ्याशी एक अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा.

आता मुख्य अडचण, शिफ्ट. फर्स्ट असेल तर संध्याकाळी पळा, सेकंड असेल तर सकाळी. नाइटच्या आठवड्यात आधी झोप पुरी करा, मग संध्याकाळी पळा. तेही जमलं नाही तर मागच्याच आठवड्याचं वेळापत्रक पुन्हा करा. दोन खाडे पडले म्हणून कार्यक्रम मोडत नाही. खाडे भरून काढायला एकाच दिवशी दुप्पट पळालात, तर मात्र नडगी दुखायला लागणार. दिवसभर मशिनपुढे उभं राहणाऱ्या पायांना विश्रांतीचा दिवसही लागतो. आणि कंपनीच्या सेफ्टी शूजमध्ये पळू नका. फार महागडे नकोत, पण पळण्याचे साधे, नीट मापाचे बूट घ्या.

जागाही विचार करून निवडा. चाकण-तळेगाव रस्ता किंवा नाशिक हायवे ही पळण्याची जागा नव्हे. ट्रेलर, धूळ आणि धूर यांच्याशी स्पर्धा कशाला? निगडी-प्राधिकरणातले आतले रस्ते, दुर्गा टेकडी, भोसरीच्या इंद्रायणीनगरमधलं संत ज्ञानेश्वर क्रीडा संकुल हे पर्याय आहेत. यातलं काहीच जवळ नसेल तर सोसायटीच्या आतल्या फेऱ्या मोजा. चारशे मीटरच्या ट्रॅकवर पाच किलोमीटर म्हणजे साडेबारा फेऱ्या. अंधारात एकट्यानं जाण्यापेक्षा जोडीला कुणाला तरी घ्या, मुलींनी तर नक्कीच. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. इथे हट्ट नको.

शर्यतीच्या दिवशी नवे बूट घालू नका आणि भरपेट खाऊ नका. तास-दीड तास आधी एखादं केळं पुरे. छातीवर नंबर लावलात की अंगात वारं शिरतं, सगळे सुसाट सुटतात आणि आपणही त्यांच्यामागे सुटतो. मग दुसऱ्या किलोमीटरलाच फेफे उडते. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू पळा. पुढे गेलेल्यांना जाऊ द्या. त्यातले काही चौथ्या किलोमीटरला चालताना भेटतील. तुम्हालाही चालावं लागलं तर चाला, लाज कसली? श्वास बसला की पुन्हा पळा.

संध्याकाळी गावी फोन कराल तेव्हा आई पहिला प्रश्न हाच विचारेल, ‘कितवा नंबर आला?’ जो आला असेल तो सांगून टाका. तीनशेबारावा असला तरी सांगा. मग हेही सांगा, की पाचच्या पाच किलोमीटर पूर्ण केले. आणि बूट पुन्हा कॉटखाली ढकलू नका, दाराजवळ ठेवा.