95 लाख कोटी आणि 8 रुपये

नागपूर शहराची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 24 लाखांवर भरली. तान्ह्या बाळाच्या मेंदूत पेशींच्या तेवढ्या नव्या जोडण्या व्हायला अडीच सेकंद पुरतात. अभ्यासकांचा ढोबळ अंदाज आहे सेकंदाला 10 लाखांहून अधिक. पहिल्या तीन वर्षांत 9 कोटी 46 लाख सेकंद असतात. गुणाकार केला तर आकडा येतो सुमारे 95 लाख कोटी. वेग सतत तोच राहत नाही म्हणा, पण शून्यं मोजण्यापुरता हिशेब चालेल.

मग छाटणी सुरू होते. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळतात. म्हणून या वयात काय शिकवलं यापेक्षा मुलाला काय करू दिलं ते मोठं. मणी ओवणारी चार वर्षांची पोर एकाच वेळी बोटं वळवते, नजर बसवते, मोजते, शेजारणीशी भांडते आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायलाही शिकते. याच वयाच्या लेकरांना बाकावर बसवून पानंच्या पानं गिरवायला लावणाऱ्या केजीला महागडी फी कशाची देतात, मला कळत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना हे कधीच उमगलं होतं. गिजुभाई बधेकांसोबत 1926 साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे 1945पासून बोर्डीत, मुलं शाळेपर्यंत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, म्हणजेच अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती 33 प्रकल्पांत. आज त्या योजनेच्या देशात जवळपास 14 लाख अंगणवाड्या आहेत. 800 लोकांमागे एक हा निकष लावला, तर 24 लाखांच्या नागपूरला 3,000 लागतील.

आता पोटाचा हिशेब. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या दिवसभराच्या ऊर्जेतला सुमारे 43 टक्के वाटा एकटाच फस्त करतो. या वयाला रोज साधारण 1,350 किलोकॅलरी लागतात. म्हणजे मेंदूच्या वाट्याला 580. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात अंगणवाडीतल्या आहाराचा निकष होता 500. खिचडी-उसळ सगळी मेंदूलाच दिली, तरी कमीच पडली असती! त्यासाठी 2017 साली केंद्राने दर ठरवला मुलामागे दिवसाला 8 रुपये. नागपूरच्या बर्डीवर तेवढ्यात कपभर चहा मिळणं मुश्कील.

आणि हे सांभाळणाऱ्या बाया? केंद्राने 2018 साली सेविकेचं मानधन महिन्याला 4,500 रुपये ठरवलं. राज्य त्यात भर घालतं. डिसेंबर 2023 मध्ये नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू होतं, तेव्हा राज्यातल्या सुमारे 2 लाख सेविका-मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर होत्या. संपाच्या काळात बऱ्याच अंगणवाड्यांना कुलूप होतं.

नागपूरकरांनो, तुमच्या वस्तीतली अंगणवाडी कुठे भरते ते ठाऊक आहे का? एखाद्या सकाळी जाऊन बघा. खेळणी कपाटात आहेत की मुलांच्या हातात, आणि खिचडी सगळ्यांना पुरते का, एवढं तरी विचारून या.