बी.एड. कॉलेजात नेमकं काय शिकवतात? शेवटच्या बाकावर बसलेल्या मॅडमची गोष्ट

हे आजच्या भागाचं लेखी रूप. प्रवासात रेंज जाते किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं वाटतं, अशांसाठी. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अं' तेवढे काढलेत, बाकी सगळं तसंच आहे.

मागच्या वर्षी दिवाळीला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण तेव्हा बी.एड.च्या पहिल्या वर्षाला होती. म्हणाली, "दादा, सहा मिनिटं विद्यार्थी हो." मी पलंगावर बसलो, ती कपाटासमोर उभी राहिली. भाकरी तिघांत वाटली तर किती, चौघांत वाटली तर किती, जास्त कुणाच्या वाट्याला, असे दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाली, "आज आपण अपूर्णांकांची तुलना शिकणार आहोत." आणि थांबली.

"अगं, शिकवलंस कुठे?"

"शिकवायचं नव्हतंच. आज फक्त प्रस्तावना."

मला हसू आलं. मी बी.टेक., सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ऑफिसात ज्युनिअर मुलांना रोज काहीतरी समजावतो. एवढ्यासाठी दोन वर्षं? तिने वाद घातला नाही. सहावीतल्या धाकट्या भावाला हाक मारली आणि मला म्हणाली, "याला विचार, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?"

तो म्हणाला, "एक चतुर्थांश. चार मोठे ना!"

मी छेद समान करून दाखवला. चार बाराव्या, तीन बाराव्या. त्याने मान डोलावली. मग तिने विचारलं, "आणि एक पंचमांश मोठा की एक षष्ठांश?" तो म्हणाला, "एक षष्ठांश."

बहीण म्हणाली, "त्याच्या डोक्यात एक नियम आहे. चुकीचा आहे, पण नियम आहे. तू तो विचारलाच नाहीस, त्याच्यावर तुझी रीत ठेवून दिलीस."

मंडळी, कोडमधला बग शोधताना मी पहिल्यांदा हेच बघतो की प्रोग्राम असं का वागतोय. मुलाच्या बाबतीत मात्र मी थेट बरोबर उत्तर पेस्ट केलं! त्या दिवशी कळलं की विषय येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. बी.एड. कॉलेज या दुसऱ्या गोष्टीसाठी असतं.

आता रचना समजून घेऊ. बी.एड. पूर्वी एक वर्षाचं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, हिच्या २०१४ च्या नियमांनी ते दोन वर्षांचं झालं. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता आणि त्याचा अहवाल २०१२ मध्ये आला. हे प्रकरण सुरू झालं आपल्याच महाराष्ट्रातल्या डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून.

प्रवेशासाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत असते. विज्ञान-गणिताची बाजू असलेल्या बी.ई., बी.टेक.वाल्यांनाही ५५ टक्क्यांवर दार उघडं आहे. शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते.

आत गेल्यावर तीन धागे बरोबर चालतात. पहिला, मूल कसं शिकतं आणि शाळा कोणत्या समाजात उभी आहे, याचा अभ्यास. दुसरा, आपला विषय शिकवायचा कसा, ज्याला मुलं सरळ 'मेथड' म्हणतात. तिसरा, प्रत्यक्ष वर्गात उभं राहणं.

या तिसऱ्याची सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झाली. कल्पना साधी आहे. शिकवण्याचे तुकडे करायचे: प्रस्तावना, प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, फलकलेखन, मुलाच्या उत्तराला दाद देणं म्हणजे प्रबलन. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं. समोर वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसतात. भारतात रूढ झालेलं चक्र ३६ मिनिटांचं आहे: ६ मिनिटं शिकवा, ६ मिनिटं प्रतिक्रिया ऐका, १२ मिनिटांत पाठ पुन्हा बांधा, ६ मिनिटं पुन्हा शिकवा, ६ मिनिटं पुन्हा प्रतिक्रिया.

इथे एक गोष्ट बघा. ३६ पैकी शिकवणं फक्त १२ मिनिटं. बाकीची २४ मिनिटं ऐकण्यात आणि सुधारण्यात जातात. बहिणीच्या पहिल्या प्रस्तावनेत भाकरी नव्हतीच. तिने वर्गाला विचारलं होतं, "अपूर्णांक म्हणजे काय?" मॅडमनी प्रतिक्रियेत सांगितलं, "हा प्रश्न व्याख्या मागतो. ज्याला पाठ आहे तोच हात वर करील, बाकीचा वर्ग तिथेच सुटेल." मग त्या १२ मिनिटांत भाकरी आली.

पुढे तुकडे जोडून सराव पाठ घ्यायचे. प्रत्येकासाठी पाठ टाचण लिहायचं: उद्दिष्टं, पूर्वज्ञान, शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, फलकलेखन, मूल्यमापन. आणि मग आंतरवासिता, म्हणजे शाळेतली इंटर्नशिप. एनसीटीईच्या नियमात ती किमान २० आठवड्यांची आहे, ४ पहिल्या वर्षात आणि १६ दुसऱ्या वर्षात.

कागदावर छान आहे. प्रत्यक्षात काय होतं? बहिणीला मिळालेल्या शाळेत पहिले दोन आठवडे फक्त ऑफ तास आणि पेपर तपासणी मिळाली. शाळेचाही नाइलाज असतो, पोर्शन संपवायचा असतो, नवख्या मुलीच्या हाती वर्ग देणार कोण? दुसरीकडे तयार पाठ टाचणांच्या फायली सरळ उतरवून काढणारे, निरीक्षकांची सही मिळाली की पाठ झाला असं धरणारेही असतात. तिच्याच बॅचमध्ये होते. ती स्वतः एकदा वैतागून म्हणाली होती, "दादा, फाइलच लिहायची तर मी सोडते हे."

मग एका पाठाला मॅडम आल्या आणि शेवटच्या बाकावर बसल्या. पाठ संपला. मुलं हसत होती, उत्तरं आली होती, बहीण खूश होती. वहीत शेरा मिळाला: "३५ मिनिटांत मागच्या दोन बाकांकडे एकदाही गेला नाहीत. उत्तरं पाचच मुलांनी दिली." त्या शेऱ्याने ती रात्रभर जागी होती. दुसऱ्या दिवशी तिने मागून सुरुवात केली. एक मुलगी फळ्यावरचं उतरवतच नव्हती. विचारल्यावर कळलं की तिला तिथून फळा दिसत नाही. तिला पुढे बसवलं आणि घरी निरोप दिला. पाच मिनिटांचं काम होतं, पण वर्ष निम्मं संपलं होतं.

मी हा भाग का केला, ते आता सांगतो. बी.एड. नंतर काय असतं? पहिली ते आठवीसाठी टीईटी, १५० बहुपर्यायी प्रश्न. मग भरतीसाठी टेट, २०० बहुपर्यायी प्रश्न. (हो, बोलताना दोन्ही नावं सारखीच वाटतात. पहिली पात्रता परीक्षा, दुसरी अभियोग्यता चाचणी.) मग पवित्र पोर्टल. खासगी संस्थांच्या काही जागांसाठी मुलाखतीत शिकवणं बघतात. पण जिल्हा परिषद, महापालिकेच्या जागा गुणांवर भरतात. म्हणजे सरकारी शाळेत लागणाऱ्या शिक्षकाला शिकवताना कुणी बघितलं असेल, तर ते फक्त कॉलेजात, त्या शेवटच्या बाकावरून. ते बघणं खोटं झालं, तर पुढे चाळणीच नाही. तो शिक्षक थेट चाळीस मुलांसमोर उभा राहतो, पुढची तीसेक वर्षं.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी बी.एड.चा विचार करत असेल, तर एक लक्षात घ्या: पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड. चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय. त्यासाठी डी.एल.एड. लागतं. आणि कॉलेज निवडताना इमारत, फी याबरोबर तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीन प्रश्न विचारा. तुमचे किती पाठ कुणीतरी पूर्ण वेळ बसून बघितले? शेरा मिळाल्यावर तोच पाठ पुन्हा घ्यायला मिळाला का? शाळेत सलग एक वर्ग तुमच्याकडे होता, की ऑफ तासच भरले?

उत्तरं ऐकली की कळेल, तिथे शिक्षक घडतात की फायली.

बहिणीचे अजून काही आठवडे बाकी आहेत. परवा फोनवर विचारलं, सोडणार होतीस ना? म्हणाली, "उद्या सातवी ब ला समीकरणं आहेत, नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

तुम्हाला शाळेत शिकवायला आलेल्या एखाद्या बी.एड.च्या ताई किंवा दादा आठवतात का? आम्ही त्यांना फार छळलं होतं. तुमची गोष्ट व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटू!