हरवलेले पाऊल

प्रोग्राममधली चूक सापडेनाशी झाली, की मी जुनाच मार्ग धरतो. प्रोसेसरला एका वेळी एकच आज्ञा पार पाडू द्यायची, त्याला थांबवायचे, आतली स्थिती पाहायची आणि मग पुढे जायचे. एकदा आभासी यंत्रावर असे चालताना एक पाऊल हरवले. मी 'सीपीयूआयडी' या आज्ञेपाशी उभा होतो. एकच पाऊल टाकले आणि आज्ञा मात्र दोन ओलांडल्या गेल्या. दोन दिवस मी माझ्याच प्रोग्रामला बोल लावत होतो. चूक त्याच्या खालच्या थरात होती.

इंटेलच्या 8086 पासून, म्हणजे 1978 पासून, या घराण्यातल्या प्रोसेसरमध्ये 'ट्रॅप फ्लॅग' नावाचा एक बिट आहे. तो चालू असला, की प्रत्येक आज्ञा संपताच प्रोसेसर स्वतःहून थांबतो आणि 1 क्रमांकाचा अपवाद उभा करतो. डीबगरचे पाऊल ते हेच. जपमाळेसारखा हिशेब आहे : एक आज्ञा, एक मणी.

आभासी यंत्रात मात्र काही आज्ञा प्रोसेसर पार पाडतच नाही. इंटेलच्या रचनेत 'सीपीयूआयडी' आली, की ताबा हायपरव्हायझरकडे जातो. तो उत्तर रजिस्टरांत भरतो, आज्ञादर्शक पुढे सरकवतो आणि पाहुण्या प्रणालीला पुन्हा सुरू करतो. काम झाले, पण प्रोसेसरच्या लेखी आज्ञा संपलीच नाही. म्हणून अपवादही उठला नाही. तो उठतो पुढची आज्ञा संपल्यावर. मणी दोन सरकले, मोजला गेला एक.

उपाय ऐकायला सोपा आहे : ज्याने आज्ञेची नक्कल केली, त्यानेच थांबण्याचीही नक्कल करावी. म्हणजे अपवाद स्वतः घालावा आणि 'डीआर6' रजिस्टरचा 14 क्रमांकाचा बिट लावून थांबण्याचे कारण नोंदवावे. खोच पुढे आहे. ट्रॅप फ्लॅग आज्ञेच्या आधी पाहायचा, नंतर नव्हे. कारण 'पॉपएफ' ही आज्ञा तो स्वतःच बदलू शकते. 'रेप' लावलेल्या आज्ञेत प्रत्येक फेरीनंतर थांबायचे. आणि पावले पाहुणी प्रणाली मोजत नसून बाहेरचा डीबगर मोजत असेल, तर निरोप त्याला द्यायचा, पाहुण्याला नव्हे. लिनक्समधल्या केव्हीएममध्ये ही तपासणी आहे.

एवढ्याशा पावलाचे काय, असे वाटेल. पण घातक प्रोग्राम नेमके हेच तपासू शकतो : ट्रॅप फ्लॅग लावायचा, 'सीपीयूआयडी' चालवायची आणि अपवाद कुठे आला ते पाहायचे. उशिरा आला, तर आपण प्रयोगशाळेत आहोत हे त्याने ओळखले. मग तो साळसूदपणे वागतो आणि तपासणारा फसतो.

पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी 1974 मध्ये आभासी यंत्राची कसोटी मांडली. वेळेचा व उपलब्ध साधनांचा फरक वगळता, प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालला असता तसाच इथे चालला पाहिजे. माझ्या हरवलेल्या पावलाने मला तिचा अर्थ कळला : केवळ उत्तर बरोबर देऊन भागत नाही, थांबायचे तिथे थांबावेही लागते.