नळ अनुदानाचा, वीजबिल पालिकेचं

1896 च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, कर्जरोखे काढून त्याने रुंद रस्ते आखले. कोरोनानंतर बुलढाण्याला ती सोय कुठली? जिल्ह्यात महानगरपालिका एकही नाही. सगळा भार नगरपालिका आणि नगरपंचायतींवर. 1999 मध्ये जकात गेल्यापासून त्यांचं हक्काचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी.

महासाथीनंतर पैसा आला, पण अटींसह. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 च्या अनुदानातला 60 टक्के वाटा लहान शहरांनी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. शिवाय घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढावी, ही अट. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या ‘अमृत 2.0’ या केंद्राच्या शहरी योजनेत लाखाच्या आतल्या शहरांच्या प्रकल्पांचा निम्मा खर्च केंद्राने उचलायचा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यातलं खामगावही लाखाच्या आतच होतं.

खरी गोम पुढेच आहे. बुलढाणा शहराला पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून पाणी मिळतं. अशा योजनेची टाकी, जलवाहिनी अनुदानातून होते. पंपाचं वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग पावडर, गळका व्हॉल्व्ह मात्र दरमहा पालिकेच्या माथी. त्यासाठी पाणीपट्टी वाढवावी लागते, थकबाकीदारांच्या दारात जावं लागतं. निवडणुकीच्या तोंडावर ते कोण करणार?