राखणदार हवा, पण घरात मुलं लहान आहेत



अमेरिकेत आपल्या लोकांचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी अपार्टमेंट, मग टाऊनहाऊस, मग मागे हिरवळ असलेलं स्वतंत्र घर. त्या घराची किल्ली हातात पडली की पंधरा दिवसांत पोरं सुरू होतात, "आता तरी कुत्रा आणू या ना!" या वेळी आई-वडीलही चटकन नाही म्हणत नाहीत, कारण त्यांच्या मनात वेगळंच चाललेलं असतं. आजूबाजूला सामसूम, दिवसभर घर बंद, आणि भारतीयांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांनाही चांगलं ठाऊक झालेलं. म्हणजे मुलांना हवा खेळगडी आणि आपल्याला हवा राखणदार.

एकाच प्राण्याकडून ही दोन्ही कामं होतील का, असं गेल्या वर्षभरात मला चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी जनावरांचा डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण निर्णय घेण्याआधी भरपूर वाचन केलं, ट्रेनर मंडळींशी बोललो, शेल्टरच्या वाऱ्या केल्या. आता आमच्याकडे पाच वर्षांची मुलगी आणि सत्तर पाउंडांची कुत्री एकाच छपराखाली नांदताहेत.

आधी रिक्वायरमेंट लिहून काढा

'राखण' या एका शब्दात आपण तीन वेगळी कामं कोंबतो. पहिलं, कोणी आलं की भुंकून सांगणं. दुसरं, परक्या माणसाच्या वाटेत ठाम उभं राहणं. तिसरं, अंगावर झेप घेऊन चावणं. ही तीन कामं करणारी कुत्री वेगळी, त्यांचं शिक्षण वेगळं आणि त्यातली जोखीमही वेगळी.

माझ्या मते दहातल्या नऊ घरांना पहिल्याचीच गरज असते, आणि फार तर थोड्या दुसऱ्याची. चोराला गाजावाजा नको असतो. आत मोठं कुत्रं भुंकतंय म्हटल्यावर तो सहसा पुढचं घर बघतो. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो, पण मुलं असलेल्या घरात हवं ते नेमकं असंच कुत्रं. (म्हणीवर विसंबून दुसऱ्याच्या भुंकणाऱ्या कुत्र्याला हात मात्र लावू नका!)

तिसऱ्या प्रकारचे, चावायला शिकवलेले तयार कुत्रे इथे विकत मिळतात, किंमत हजारो डॉलरमध्ये. पण ते शिक्षण एकदा देऊन संपत नाही, मालकालाही जन्मभर सराव ठेवावा लागतो. शिवाय आपली घरं कशी असतात बघा. प्लेडेटला आलेली पोरं किंचाळत जिने चढतात, एकमेकांना लोळवतात. गणपतीला पन्नास माणसं येतात, त्यातली निम्मी बेल न वाजवता आत शिरतात. शेजारचा मुलगा तुमच्या मुलीच्या मागे ओरडत पळतोय हा खेळ आहे की हल्ला, हे कुत्र्याने ठरवायचं? तो निर्णय जनावरावर सोडू नये.

कायदा आणि इन्शुरन्स

हे कंटाळवाणं आहे, पण कुत्रा आणायच्या आधी बघायचं आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा राज्यांत तुमचा कुत्रा रीतसर घरी आलेल्या पाहुण्याला किंवा रस्त्यावर कोणाला चावला तर जबाबदारी सरळ तुमची. "याआधी कधीच चावला नव्हता हो" ही सबब तिथे चालत नाही. काही राज्यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून आपापल्या राज्याचा कायदा वाचा.

दुसरं म्हणजे होमओनर्स इन्शुरन्स. बऱ्याच कंपन्यांकडे नको असलेल्या जातींची यादी असते आणि त्यात रॉटवायलर, डॉबरमन, पिट बुल आणि कधीकधी जर्मन शेफर्डही असतो. न्यू यॉर्क आणि नेवाडा या राज्यांनी २०२१ साली निव्वळ जातीवरून इन्शुरन्स नाकारायला बंदी करणारे कायदे केले, पण सगळीकडे तसं नाही. एजंटला आधी फोन करा आणि उत्तर लेखी घ्या. एच.ओ.ए.चे नियमही याच बैठकीत वाचून टाका.

आता जातींबद्दल

जात बघून अंदाज येतो, खात्री मिळत नाही. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. तरी पहिली चाळणी म्हणून उपयोग आहे.

जर्मन शेफर्ड: लहानपणी आपण ज्याला सरसकट 'अल्सेशियन' म्हणायचो तो हाच. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन नाव नको म्हणून ते नाव पडलं, आणि १९७७ साली तिथल्या केनेल क्लबने मूळ नाव परत मान्य केलं. हुशार, निष्ठावान, घरच्यांसाठी जीव टाकणारा. पण मुळात हा मेंढ्या राखणारा. पळणाऱ्या मुलांच्या टाचांना तोंड लावून त्यांना 'कळपात' आणायची खोड असू शकते. रोज अंगाला आणि डोक्याला काम नसेल तर घर डोक्यावर घेतो. खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत बराच आढळतो, तेव्हा पिल्लाच्या आई-बापाच्या खुब्यांच्या एक्स-रेचं ओ.एफ.ए. प्रमाणपत्र मागा. ते कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळतं. जो ब्रीडर "कशाला लागतं ते" म्हणतो, त्याला नमस्कार करून परत या.

बॉक्सर: मुलांच्या घरासाठी माझी आवडती जात. मुलांशी सहनशील, परक्यांच्या बाबतीत सावध. पण मरेपर्यंत पोरकट, मोठ्या उड्या मारणारा. दोन वर्षांचं बाळ असेल तर निव्वळ प्रेमाने पाडेल. तोंड आखूड असल्याने टेक्सास-अ‍ॅरिझोनाचा उन्हाळा त्याला सोसत नाही.

रॉटवायलर: चांगल्या घराण्यातला आणि नीट वाढवलेला असेल तर अतिशय शांत. पण नराचं वजन १०० पाउंडांच्या वर सहज जातं. त्याची एक चूकही महागात पडू शकते. पहिलाच कुत्रा म्हणून नको.

लॅब्रॅडोर: १९९१ ते २०२१ अशी सलग ३१ वर्षं अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत पहिला नंबर याचा होता, आणि तो उगीच नाही. चोराला खेळणं आणून देईल अशी त्याची थट्टा करतात. पण दारात आवाज आला की भुंकतो, आणि दाराबाहेरच्याला आतला स्वभाव कुठे दिसतो! ज्यांना फक्त पहिलं काम हवं आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

लहान कुत्री: आपल्याकडच्या सोसायट्यांतला पांढरा 'पामेरियन' आठवतो ना? जिन्यात पाऊल वाजलं की अख्खी बिल्डिंग जागी करायचा. भुंकायला आकार लागत नाही. पण अगदी छोट्या जातींची हाडं नाजूक असतात. तीन वर्षांच्या मुलाने उचलून पाडलं की दुखतं, दुखलं की ते चावतं. मुलं शाळेत जायला लागल्यावर विचार करा.

पिल्लू की मोठं?

पिल्लाच्या वयाचे तीन ते चौदा आठवडे फार महत्त्वाचे. त्या काळात माणसं, मुलं, आवाज, व्हॅक्यूम क्लीनर, छत्री जे जे चांगल्या अनुभवासकट भेटतं ते पुढे 'आपलं' वाटतं. जे भेटत नाही त्याची भीती बसू शकते, आणि चावण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा भीतीच असते. म्हणून गोठ्यात किंवा पिंजऱ्यात एकटं वाढलेलं पिल्लू स्वस्त मिळालं तरी महाग पडतं. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घेऊ नका. आई बघितल्याशिवाय तर मुळीच नको. आई तुम्हाला बघून मागे सरकत असेल किंवा दात दाखवत असेल तर पिल्लाचा गोंडसपणा विसरा.

आम्ही मोठं कुत्रं घेतलं, रेस्क्यूमधून, तीन वर्षांची शेफर्ड-लॅब मिश्र मादी. ती ज्या फॉस्टर घरी राहत होती तिथे सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं होती. म्हणजे आम्हाला अंदाज करायची गरज नव्हती, चार महिन्यांचा टेस्टिंग रिपोर्टच हातात होता. मुलांनी खेळणं ओढलं तर काय करते, मांजर दिसलं तर काय करते, परका माणूस आला तर काय करते, सगळी उत्तरं फॉस्टर बाईंनी दिली. "हाड चघळत असताना तिला कोणी जवळ आलेलं आवडत नाही," हेही त्यांनी आपणहून सांगितलं. अवगुण सांगणाऱ्या माणसाकडूनच कुत्रं घ्यावं असं मी म्हणेन. पिल्लू मोठेपणी कसं निघेल हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तीन वर्षांचं कुत्रं जसं आहे तसं समोर उभं असतं.

खरी सुरक्षा घरातल्या नियमांत

अमेरिकेत दरवर्षी ४५ लाखांहून जास्त लोकांना कुत्रे चावतात असा अंदाज आहे, आणि त्यात मुलांचं प्रमाण मोठं आहे. लहान मुलांना चावणारं कुत्रं बहुतेक वेळा ओळखीचं असतं, घरचं किंवा नातेवाइकांचं. प्रसंगही साधेच असतात: ते जेवत होतं, झोपलं होतं, मुलाने मिठी मारली. आणि मुलाची उंची अशी की चावा तोंडावर बसतो.

म्हणून आमचे नियम असे. जेवताना आणि झोपेत कुत्र्याला हात नाही. गळ्याला मिठी नाही, पाठीवर बसणं नाही. हाड फक्त तिच्या क्रेटमध्ये, दार लावून. मोठं माणूस खोलीतून उठलं की कुत्री तरी बरोबर जाते किंवा मुलगी तरी. पाहुण्यांची मुलं आली की पहिला अर्धा तास कुत्री बेबी गेटच्या पलीकडे. आणि लाड करायचे असतील तर मुलीने जवळ जायचं नाही, हाक मारायची. आली तर लाड, नाही आली तर तिचा मूड नाही.

कुत्रं चावण्याआधी बहुधा सांगत असतं, आपल्याला वाचता येत नाही. झोप आलेली नसताना जांभई, सारखे ओठ चाटणं, तोंड फिरवून डोळ्याच्या कडेने पांढरं दाखवत बघणं, अंग एकदम ताठ होणं. "बघा किती सहन करतो, शेपटी ओढली तरी गप्प," असं कौतुकाने सांगणाऱ्या घरात मला धडकी भरते. सहन करतोय म्हणजे आवडतंय असं नव्हे. आणि गुरगुरल्याबद्दल कधीही मारू नका. गुरगुरणं हा अलार्म आहे. मार खाऊन तो बंद पडला तर पुढच्या वेळी सूचना न देता चावा येईल.

"त्याला दाखवून दे मालक कोण ते," हा सल्लाही आपल्याकडे फार मिळतो. त्यामागची 'अल्फा लांडग्या'ची कल्पना ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाने लोकप्रिय केली, त्या डेव्हिड मेक या शास्त्रज्ञांनीच पुढे ती मागे घेतली. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि पोरं एवढंच असतं. उलटं पाडून दाबून धरण्याने कुत्रं घाबरतं, आणि घाबरलेलं कुत्रं मुलांजवळ नको.

आई-बाबा येतात तेव्हा, आणि आपण जातो तेव्हा

सहा महिन्यांसाठी आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात. त्यांच्या पिढीच्या डोक्यात कुत्रं चावणं म्हणजे पोटात चौदा इंजेक्शनं. त्यांची भीती खरी आहे, थट्टा करू नका. अमेरिकेतून कुत्र्यांमधला रेबीज २००७ साली हटल्याचं जाहीर झालं, तरी वटवाघळं, रॅकून वगैरेंमधला आहेच, म्हणून आपल्या कुत्र्याची लस चुकवायची नाही. हे समजावून सांगा, स्वयंपाकघर आणि देवघर 'नो डॉग झोन' करा. आमच्या सासूबाई पहिले पंधरा दिवस सोफ्यावर पाय वर घेऊन बसायच्या. आता व्हिडिओ कॉलवर पहिली चौकशी तिचीच करतात.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा मात्र उलट दिशेचा आहे. घरात कुत्रं असलेलं आपलं मूल भारतात गेलं की रस्त्यावरच्या कुत्र्याकडे दोन्ही हात पसरून धावतं. तिथे रेबीज आहे, आणि त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. विमानात बसायच्या आधी मुलाला बजावा: आपली राणी वेगळी, रस्त्यावरचं कुत्रं वेगळं. जाण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना आगाऊ लशीबद्दल विचारा. तरीही कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तर लगेच पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "घरचंच आहे, काही होत नाही," असं कोणी काका म्हणाले तरी.

शेवटचं व्हिसाचं. कुत्रं दहा-बारा वर्षांचं असतं, एच-वन तीन-तीन वर्षांचा. परत जायची वेळ आली तर कुत्र्याचं काय, याचं उत्तर आजच ठरवा. भारतात नेता येतं, पण आधी परवानगीची कागदपत्रं लागतात, आणि बॉक्सरसारख्या आखूड तोंडाच्या कुत्र्यांना बऱ्याच विमान कंपन्या सामानाच्या कप्प्यात घेत नाहीत. उलट, भारतातून इकडे आणायचं तर ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक झाले आहेत: किमान सहा महिन्यांचं वय, मायक्रोचिप, आणि भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांत मोडत असल्याने लशीची जादा कागदपत्रं.

एवढं सगळं वाचूनही घरात कुत्रं हवंच असेल, तर येत्या शनिवारी मुलांना घेऊन जवळच्या शेल्टरमध्ये जा. फक्त बघायला. पाकीट गाडीतच ठेवा.

कळावे, लोभ असावा.