जीएसटी जास्त किंवा चुकीच्या हेडमध्ये भरला? पैसे परत मिळतात, पण मुदत चुकवू नका

सोलापूर : समजा, अक्कलकोटच्या एका दुकानदारानं कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला २ लाखांच्या चादरी पाठवल्या. ५ टक्क्यांनी जीएसटी झाला १० हजार. नेहमीच्या सवयीनं त्यानं निम्मा सीजीएसटी आणि निम्मा एसजीएसटी भरून टाकला. पण माल कर्नाटकात गेला, म्हणजे आयजीएसटी लागायला हवा होता. चूक लक्षात आल्यावर आयजीएसटीचे १० हजार वेगळे भरावे लागतात. मग आधीचे १० हजार बुडाले का?

नाही. कायद्यानं ते परत मिळतात. मात्र अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत, आणि अर्जाला मुदत आहे.

चुकीच्या हेडमध्ये भरला असेल तर

आधी आयजीएसटी भरायचा. या चुकीसाठी त्यावर व्याज लागत नाही. तो भरल्याच्या तारखेपासून २ वर्षांच्या आत आधीच्या कराचा परतावा मागायचा. पैसे नुसते कॅश लेजरमध्ये चुकीच्या हेडखाली जमा झाले असतील आणि वापरले नसतील, तर परताव्याचीही गरज नाही. पीएमटी-०९ फॉर्म भरून ते दुसऱ्या हेडमध्ये वळवता येतात.

जास्त कर भरला असेल तर

इथं एक अट महत्त्वाची आहे. कराचा बोजा ज्यानं सोसला, त्यालाच पैसे मिळतात. दुकानदारानं ५ ऐवजी १२ टक्के लावले आणि गिऱ्हाईकाकडून वसूलही केले, तर तो फरक दुकानदाराला मिळत नाही, ग्राहक कल्याण निधीत जातो. बोजा गिऱ्हाईकावर टाकला नाही, हे दाखवावं लागतं. रक्कम २ लाखांपर्यंत असेल तर स्वतःचं घोषणापत्र चालतं, त्यापुढे सीएचा दाखला लागतो.

अर्ज कसा करायचा?

जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून 'रिफंड' मध्ये आरएफडी-०१ फॉर्म भरायचा. कारण निवडायचं, चलन आणि बिलांची माहिती जोडायची. १५ दिवसांत पोच मिळते किंवा त्रुटी कळवल्या जातात. त्रुटी निघाल्या तर नव्यानं अर्ज करावा लागतो, म्हणून कागद आधीच नीट तपासा. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्यापुढे उशीर झाला तर ६ टक्के व्याज मिळतं. १ हजाराच्या आतल्या रकमेचा परतावा साधारणपणे मिळत नाही.

अर्ज नाकारण्याआधी नोटीस येते. तिला १५ दिवसांत उत्तर द्या. तरीही नाकारला, तर ३ महिन्यांत अपील करता येतं.

जीएसटी नंबर नसलेल्यांचं काय?

पुण्यात किंवा सोलापुरात फ्लॅट बुक केला, हप्त्यांवर जीएसटी भरला आणि नंतर व्यवहार रद्द झाला, तर बिल्डर क्रेडिट नोट काढून कर परत देऊ शकतो. त्याची ती मुदत संपली असेल, तर ग्राहक स्वतः अर्ज करू शकतो. डिसेंबर २०२२ पासून ही सोय आहे. पॅनवरून पोर्टलवर तात्पुरती नोंदणी करायची आणि करार रद्द झाल्याच्या पत्रापासून २ वर्षांत अर्ज करायचा. बिल्डरनं कर भरला आहे आणि तो कुठं वळता केलेला नाही, असा त्याचा दाखला लागतो. बिल्डरनं रक्कम कापून दिली असेल, तर परत मिळालेल्या रकमेपुरताच कर मिळतो.

शेतकऱ्यांचाही एक प्रश्न असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि ठिबकवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधी घेतलेल्या वस्तूचा फरक परत मिळत नाही. पण त्यानंतरच्या खरेदीतही बिलात १२ टक्के लावले असतील, तर फरक दुकानदाराकडे मागा. तो देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. त्यासाठी पक्कं बिल हवं. कच्च्या चिठ्ठीवर काहीच सिद्ध होत नाही.

आणि हो, 'तुमचा जीएसटी रिफंड मंजूर झाला, लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. खरा परतावा थेट बँक खात्यात जमा होतो.