जुंपून बघायची गाडी

नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथे खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर जनावरांचा मोठा बाजार: लाल कंधारी आणि देवणी बैल, घोडे, गाढवं, उंटसुद्धा. बैल घेणारा शेतकरी आधी दात बघतो, खूर बघतो, वशिंडावरून हात फिरवतो. पण त्याचं खरं समाधान होतं ते बैल जुंपून चार पावलं चालवल्यावर. उभा बैल देखणा दिसतोच. तो ओढतो कसा, हे खांद्यावर जू आल्याशिवाय कळत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी सात सीटची नवी डिझेल गाडी आली, तेव्हा मला हा बाजार आठवला. विकत घेण्याआधी आम्ही ती चालवली होती ती दोघांनी, रिकामी, सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर. नवी गाडी देवीच्या पायाशी न्यायची हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून अर्धापूर ते तुळजापूर असा बेत ठरला: आई-बाबा, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. डिकीत पाण्याचा कॅन, शिदोरी आणि अर्धापूरच्या केळीचा घड. पूर्ण वजन घेऊन गाडी पहिल्यांदाच रस्त्याला लागत होती.

घरची माणसं बसवून गाडी तपासण्याची ही पद्धत मोटारीइतकीच जुनी आहे. कार्ल बेंझने १८८६ मध्ये आपल्या मोटारीचं पेटंट घेतलं, पण तिच्यावर लोकांचा विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बर्था नवऱ्याला न सांगता रिचर्ड आणि ऑयगेन या दोन मुलांना घेऊन निघाली. मानहाइमपासून माहेरी फोर्ट्सहाइमपर्यंत शंभराहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधन संपलं, ते वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगचा उगम अनेक जण त्या चामड्यात बघतात. चढावर गाडी ढकलावी लागली, म्हणून तिने परत आल्यावर नवऱ्याला आणखी एक गिअर हवा असं सांगितलं. मोटारीच्या इतिहासातली पहिली लांब पल्ल्याची चाचणी एका आईने माहेरी जाताना घेतली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज गाडी आपल्या दारात येण्याआधी किती कसोट्यांतून जाते, हेही थक्क करणारं आहे. पुण्याची एआरएआय ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या तपासणीचं काम करते. अहिल्यानगरला संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्था आहे. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार वेगमार्ग जून २०२१ मध्ये सुरू झाला. त्याची वळणं आतल्या बाजूला अशी कलती बांधली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगालाही स्टिअरिंग जोर लावून धरावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी चाचणी लागू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, समोरच्या रुंदीचा ४० टक्के भाग लागेल अशी अडथळ्यावर आदळवतात. मागच्या सीटवर दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बसवलेले असतात. गाडीला किती तारे मिळाले एवढंच विचारून आपण थांबतो. मुलांच्या सुरक्षेचे तारे वेगळे छापलेले असतात, ते घरच्या माणसाने आधी वाचावेत.

अॅव्हरेजचा आकडा मात्र रस्त्यावर काढलेला नसतो. प्रयोगशाळेत चाकं फिरत्या रुळांवर ठेवून, ठरलेल्या क्रमाने सुमारे वीस मिनिटं गाडी पळवतात आणि धुरावरून इंधनाचा हिशेब काढतात. या क्रमातला सर्वांत जास्त वेग ताशी ९० किलोमीटर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात, तर तो दीडपटीहून जास्त होतो. उंच आणि रुंद छातीच्या गाडीला तर ही हवा अक्षरशः भिंतीसारखी ढकलावी लागते. त्यामुळे कागदावरचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या रस्त्याचा नसतो. आपला आकडा काढायचा तर टाकी कट होईपर्यंत भरायची, किलोमीटर लिहून ठेवायचे आणि परत आल्यावर त्याच पंपाच्या त्याच नळीवर पुन्हा कटपर्यंत भरायची. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.

निघण्याआधी टायरची हवा बघितली आणि दचकलो. चारही चाकांत ४४ ची हवा होती. कारखान्यातून ट्रेलरवर गाड्या पाठवताना पुष्कळदा हवा जादा भरतात. ती ताबा देण्याआधी कमी करायची असते, ते राहून गेलं होतं. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं: दोन-तीन माणसांसाठी एक आकडा, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, आणि मागच्या चाकांचा फरक सहसा मोठा. हवा बघायची ती टायर थंड असताना, सकाळी. टायरच्या अंगावरही सगळी कुंडली लिहिलेली असते. १०४ एच असेल तर १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलोपर्यंत भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. टायरवरच्या लांब कोडातले शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे: १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. एवढ्या जड गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार तळहातांएवढ्या रबराचा, हे एकदा मनात बसलं की माणूस हवा तपासायला विसरत नाही.

पुढचा रस्ता हीच आमची प्रयोगशाळा. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी धरतं, म्हणून हा खेळ. वरचं डांबर दर वर्षी थोडं उचलतं, थोडं खचतं आणि रस्त्याला लाटा येतात. कंपन्या चाचणीमार्गांवर मुद्दाम अशा लाटा आणि दगडी फरसबंदी बांधतात. आपल्याकडे ते गावोगावच्या रस्त्यांवर तयार आहे. नांदेड-लातूर महामार्ग बऱ्यापैकी सरळ, पण आतल्या फाट्यांवर गाडीचा खरा स्वभाव कळला: समोरचे दोघे निवांत बोलत होते आणि तिसऱ्या रांगेतल्या पुतणीला गाडी लागली. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळजवळ वर किंवा मागे येते, त्यामुळे गाडीचं खाली-वर होणं तिथे सर्वांत जास्त जाणवतं. तिथून समोरचा रस्ताही दिसत नाही. डोळ्यांना हलणं दिसत नाही आणि कानातला तोलाचा अवयव मात्र हलतोय सांगतो. दोघांचं पटेना की मळमळ. चाकूरला थांबून तिला मधल्या रांगेत घेतलं, दादा मागे गेला. तासाभराने मागून आवाज आला, “एसीचा वारा इथवर येतच नाही.” बाहेर ४२ अंश होतं. म्हणून गाडी बघायला जाताना घरातला सर्वांत उंच माणूस तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसवावा.

परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या अलीकडे संध्याकाळी एक रोही (नीलगाय) शेतातून थेट रस्त्यावर आला. दोनशे किलोहून भारी नर, अंगाचा रंग संधिप्रकाशात रस्त्यात मिसळलेला. दादाने ब्रेकवर पाय रोवला. पेडल पायाखाली थरथरलं, ते एबीएस. ते चाक पूर्ण जाम होऊ देत नाही, म्हणून ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. थरथर जाणवली की घाबरून पाय सोडायचा नसतो. रोही पलीकडे गेला.

स्वीडनमध्ये असाच भला मोठा एल्क रस्त्यात येतो. तिथल्या टेक्निकेन्स व्हॅर्ल्ड या नियतकालिकाने त्यावरून चाचणी बांधली: भरलेली गाडी वेगात एकदम बाजूला काढायची आणि लगेच मूळ मार्गावर आणायची. ऑक्टोबर १९९७ मध्ये मर्सिडीजची नवी ए-क्लास या चाचणीत उलटली. कंपनीने गाड्या परत बोलावल्या आणि सर्वांत स्थिरता नियंत्रण बसवलं. गाडी घसरू लागली की हे यंत्र एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करतं. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असतो. तिच्यात माणसं आणि सामान भरलं, त्यातून टपावर बोजा बांधला की तो आणखी वर जातो. आमच्याकडे रोही आणि रानडुक्कर आहेत, रात्री मागे दिवा नसलेले उसाचे ट्रॅक्टर आहेत. माझ्या मते या भागात गाडी घेणाऱ्याने सनरूफच्या आधी स्थिरता नियंत्रण आहे का ते विचारावं.

त्या ब्रेकने डिकीतला पाण्याचा कॅन उसळून मागच्या सीटच्या पाठीवर आदळला. जड सामान खाली, सीटच्या पाठीला टेकून आणि बांधून ठेवायचं, हे आम्ही त्या रात्री शिकलो.

अर्धापूरला परत आलो तेव्हा ४७८ किलोमीटर झाले होते. त्याच नळीवर ३४.६ लिटर डिझेल बसलं. भरल्या गाडीला, एसी सुरू ठेवून, लिटरला १३.८.

या वाटेवर एक परीक्षा राहून गेली. लातूरच्या बाजूने तुळजापूरला मोठा घाट लागत नाही. म्हणून पुढच्या पौर्णिमेला रेणुकेच्या दर्शनाला माहूरगडावर जायचं ठरलं आहे. चढताना सातही माणसं असतील. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायची, ब्रेक अधूनमधूनच लावायचा आणि पायथ्याशी उतरून चाकांजवळ जळका वास येतो का ते बघायचं.